धाकट्याच्या अंगातला देव

माझा धाकटा भाऊ फौजेच्या कागदाप्रमाणे पंचविसाव्या वर्षी गेला आणि आईच्या हिशेबाने तेविसाव्या. मधली दोन वर्षे त्याला आमच्या वडिलांनी दिली होती. पहिल्या जर्मन लढाईतून हवालदार होऊन परतलेले आबा दुसऱ्या लढाईच्या भरतीला पोराला घेऊन साताऱ्याला गेले, पदके लावून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अठरा पुरी हायत, सायेब." साहेबाने पोराच्या मिसरुडाकडे पाहायला हवे होते. त्याने पदकांकडे पाहिले. सोळा वर्षांचा धाकटा त्या दिवशी शिपाई झाला.

आमचे गाव कृष्णेकाठी, सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेच्या टोकाला. मी शेजारच्या सांगली संस्थानात एका शाळेवर मास्तर होतो. भाड्याच्या खोलीत राहायचो आणि शनिवारी शाळा सुटली की मोटारीने गावी यायचो. घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे मला मान होता, पण माझे ऐकण्याची पद्धत नव्हती. ही दोन निरनिराळी खाती आहेत हे मला बऱ्याच उशिरा समजले.

लढाई संपल्यावर धाकटा परतला तो रमची सवय घेऊन. त्याच्या ट्रंकेत लोकरी पांघरुणात गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या. आई घाबरली. आबा मात्र खुलले. आबांचा राग दारूवर नव्हता, बेशिस्तीवर होता. रांगेत उभे राहून, पत्र्याचा मग पुढे करून, वरिष्ठाच्या देखत घेतलेली वस्तू त्यांच्या लेखी दारू होऊच शकत नव्हती.

"ती सरकारी हाय," ते आईला म्हणाले. "तिला दारू म्हनू नगंस. आमी बी घेतलीया. थंडीला लय चांगली."

"आपल्याकडं कुठाय एवढी थंडी?" आई म्हणाली.

सरकारी बाटल्या लवकरच संपल्या. त्यानंतर धाकटा आणि त्याच्याबरोबर परतलेली चार-पाच पोरे नदीकडच्या उसात बसू लागली. आमच्या भागात गुळाला तोटा नाही, आणि जिथे गूळ मुबलक तिथे हातभट्टीलाही फार शोधावे लागत नाही. गावाने सुरुवातीला कानाडोळा केला. पोरे लढून आली आहेत, चार दिवस मजा करतील, मग लग्ने लावून देऊ, असा एकंदर विचार होता. बाकीच्यांच्या बाबतीत तो खराही ठरला. धाकटा मात्र सकाळी तोंड धुण्याच्या आधी प्यायला लागला. पिऊन त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही की भांडी आपटली नाहीत. तो उलट जास्त गप्प व्हायचा. बांधावर बसून राहायचा. आई भाकरी घेऊन गेली की तिला बरे वाटावे म्हणून दोन घास खायचा आणि उरलेली कुत्र्याला घालायचा. मी एकदा विचारले, तर म्हणाला, "झोप येत न्हाई, दादा." एवढेच. लढाईत काय पाहिले ते त्याने सांगितले नाही, आणि आबा त्यांच्या लढाईबद्दल इतके सांगत असत की दुसऱ्या कुणाच्या लढाईला घरात जागाच उरली नव्हती.

अशात गावात दारूबंदीची सभा झाली. साताऱ्याहून एक पुढारी यायचे होते. त्यांच्यासाठी वेशीत केळीचे खांब उभारले. लेझीम झाले. सभेला अध्यक्ष लागतो, आणि पदके असलेला माणूस गावात एकच असल्याने अध्यक्ष आबा झाले. पुढाऱ्यांनी यादवांच्या नाशापासून सुरुवात केली आणि आमच्या गावापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. तरुण हे राष्ट्राचे धन आहे, ते म्हणाले. त्यातले बरेचसे धन त्या वेळी मागच्या बाजूला पेंगत होते.

नुसत्या भाषणाने काही होणार नाही हे गावच्या मंडळींना ठाऊक होते. त्यांनी स्वतःचा उपाय आधीच ठरवून ठेवला होता. आमच्याकडे देवापुढे बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा उचलून घेतलेल्या शपथेपुढे कोर्ट काहीच नाही. जमिनीचे तंटे त्यावर मिटलेले मी पाहिले आहेत. तेव्हा सभा संपताच सगळ्या तरण्या पोरांना भैरोबाच्या देवळात नेले आणि एकेकाला भंडारा उचलायला लावला. पुढाऱ्यांना हे बहुधा पसंत नसावे, पण हार गळ्यात असताना माणूस फारसा विरोध करू शकत नाही.

बाकीच्या पोरांनी आपापली वाट आधीच काढून ठेवली होती. एकाने डाव्या हाताने उचलला. एकाने भंडारा घेतला पण बेल घेतला नाही. एकाने शपथ घेताना दारूच्या ऐवजी मनातल्या मनात ताक म्हटले, असे त्यानेच मला नंतर अभिमानाने सांगितले. संध्याकाळी ही सगळी मंडळी उसात हजर होती.

धाकट्याने दोन्ही हातांनी भंडारा उचलला. कपाळाला लावला. डोळे मिटून म्हणाला, "आता शिवनार न्हाई." मी त्याच्या मागेच उभा होतो. सबंध गावात ती शपथ खरी मानणारा तो एकटाच होता, आणि भैरोबाची गाठ पडली तीही त्याच्याशीच.

मी सांगलीला परतलो तो समाधानाने. पुढच्या शनिवारी आलो तर घरापुढे रांग. बायांच्या हातात नारळ, हळदीकुंकू, कडेवर पोरे. मी धावतच निघालो, कारण आमच्याकडे घरापुढे गर्दी बहुतेक कुणी गेले तरच होते. पण आतून हलगी वाजत होती.

"काय झालंय?" मी दारातल्या म्हातारीला विचारले.

"देव आलाय न्हवं का तुमच्या घरात, मास्तर! भावाच्या अंगात खेळतोय. नशीबवान तुमी."

सोप्यात धाकटा बसला होता. अंगाला हळद फासलेली, गळ्यात झेंडूची माळ. तो नखशिखांत थरथरत होता. दात एकमेकांवर वाजत होते, घामाने हळदीचे ओघळ झाले होते. त्याची नजर भिंतीवर कुणाचा तरी पाठलाग करत होती. मध्येच तो हात झाडायचा, जणू अंगावरून मुंग्या झटकतोय. तो हात झाडला की त्याची हळद उडायची आणि जिच्यावर उडेल ती बाई धन्य व्हायची. देवळाचा गुरव शेजारी बसून प्रत्येक हालचालीचा अर्थ सांगत होता.

झाले होते ते असे. शपथेच्या दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागले. मग ओकाऱ्या झाल्या, मग झोप अजिबात गेली, मग तो भिंतीशी बोलू लागला. घरच्यांनी गुरवाला बोलावले. भंडारा निष्ठेने उचलला म्हणून देव प्रसन्न झाला, असा गुरवाने निर्णय दिला, आणि तेव्हापासून हलगी थांबली नव्हती.

मी आबांना परसात ओढले. "आबा, हा देव नाही. हा दारूचा रोग आहे. मिरजेला नेऊ."

आबा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "दारू पीत हुता तवा कवा थरथरला व्हय?"

"नाही."

"आन् सोडली तवा थरथराय लागला. मग दारूचा रोग कसा रं? मास्तर हायस न्हवं तू?"

मी तर्कशास्त्रावरची पुस्तके वाचली होती. त्यांतल्या एकातही याचे उत्तर नव्हते.

त्याला हलवू देईनात. देव अंगात असताना शीव ओलांडली तर गावावर अरिष्ट येते, असे गुरव म्हणाला, आणि ते ऐकताच शेजारपाजारचे लोक दारात असे काही बसले की बैलगाडी जोडण्याचा विचार मी सोडून दिला. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकटा मिरजेला गेलो. तिथल्या एका डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"एकदम बंद केली?" ते म्हणाले. "कुणी सांगितलं असं करायला?"

"देवळात शपथ घातली."

"यात माणूस दगावतो, मास्तर. मी पाहिलेत. त्याला इथं आणा. आणता येत नसेल तर थोडी थोडी दारू द्या आणि रोज कमी करत जा. खायला घाला. आणि हे झोपेचं औषध."

म्हणजे भावाला वाचवायला मी दारू पाजायची होती. मी गावात परतलो तेव्हा दुपार होती. गर्दी जेवायला गेली होती, आई एकटी त्याच्या कपाळाचा घाम पुसत बसली होती. मी तिला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. तिचा हात थांबला.

"भंडारा उचललाय त्यानं."

"आई, तो मरेल."

"आन् शपत मोडली तर जगंल व्हय रं? तूच पाजनार त्याला? एवढं शिकून ह्येच शिकलास?"

तरी मी उसातल्या पोरांकडून आणलेली थोडी गुपचूप वाटीत घेऊन त्याच्या ओठांना लावली. त्याला क्षणभर भान आले. माझ्याकडे बघून त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. वाटी त्याच्या हनुवटीवरून सांडली. झोपेचे औषध आबांनी माझ्या हातातून काढून घेतले. देवाला गुंगी द्यायची नसते, असे ते म्हणाले.

दिवस कलायला लागल्यावर पुन्हा माणसे जमली. गुरवाने धाकट्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारले, "देवा, तुला काय पायजे? लेकरं इचारत्यात."

दात वाजत असताना त्याच्या तोंडून शब्द तुकड्यातुकड्यांनी निघाले. "आणा... पानी न्हवं... ती आणा. ती."

गुरवाने डोळे मिटले. "चैतात भैरोबाला दारूचा निवद असतोय," तो सावकाश म्हणाला. "देव निवद मागतोय."

"पण त्याची शपथ?" मी विचारले. मला खरे तर त्या क्षणी गप्प बसायला हवे होते.

आबा उभे राहिले. सभेचे अध्यक्षपद त्यांच्या अंगातून अजून उतरले नव्हते. "शपत पोरानं घेतलीया. देवानं कुठं सवताच्या म्होरं भंडारा उचललाय?"

उसातल्या मंडळींकडून बाटली यायला वेळ लागला नाही. ओतली कुणी? आईने. दुपारी माझ्यावर डोळे काढणाऱ्या आईने देवघरातला तांब्या घासून आणला, तो भरला, त्याला हळदकुंकू वाहिले आणि थरथरणाऱ्या पोराच्या तोंडाला लावला. त्याने ओठ मिटले नाहीत. आता पिणारा तो नव्हता.

हळूहळू थरथर थांबली. डोळे भिंतीवरून खाली आले, मिटले. आईच्या मांडीवर डोके ठेवून तो झोपला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. गुरवाने देव गेल्याचे जाहीर केले. बायांनी तोंडाला पदर लावले. आईने माझ्याकडे पाहिले, तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"बगितलंस?"

बघितले होते. डॉक्टरांनी सांगितला होता तो उपाय, त्या रोगावर, तसाच्या तसा लागू पडला होता. मी कशाला आक्षेप घेणार? फक्त एक गोष्ट उरली होती, ती मी सकाळी सांगून पाहिली. "आई, आता रोज थोडी कमी करत जा."

"देवाचा निवद कमी करत्यात व्हय?" ती म्हणाली.

पुढचे सगळे इतके सरळ घडत गेले की ते थांबवायला कुठे हात घालावा ते मला समजेना. दर अमावास्येला आणि नंतर दर रविवारी आमच्याकडे देव येऊ लागला. सकाळी नैवेद्य मिळायचा नाही, कारण प्रश्न विचारून झाल्याशिवाय नैवेद्य दाखवत नाहीत. त्यामुळे धाकटा थरथरू लागायचा. थरथर पुरेशी झाली की लोक विचारायचे, म्हैस कुठे गेली, सुनेला दिवस का जात नाहीत, पोरगा मुंबईहून पैसे का धाडत नाही. तो दात वाजवत काहीबाही बोलायचा आणि गुरव त्याचा अर्थ लावायचा. मग तांब्या यायचा. मधल्या दिवसांतही देव केव्हा मागेल याचा नेम नसल्याने तांब्या भरलेलाच असे. पंचक्रोशीतून गाड्या येऊ लागल्या. आबा पदके लावून ओट्यावर बसत आणि रांगेला शिस्त लावत.

तांब्यात उरेल ते तीर्थ. ते टाकून देता येत नाही, वाटावे लागते. वाटताना पोरेटोरे पुढे असत. अजून मिसरूड न फुटलेली पोरे हाताची ओंजळ करून उभी राहत, जिभेवर घेऊन तोंडे वाकडी करत आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला जात. मी एका पोराच्या बापाला हटकले. तो म्हणाला, "आवं मास्तर, तीर्थ हाय ते. तुमाला कसलाच इस्वास न्हाई बगा." गावात दारूबंदी होती. वेशीत तसा फलकही होता. तीर्थबंदी करण्याचा विचार कुणी केला नव्हता.

एकदा मी धाकट्याला विहिरीवर एकटे गाठले. तो स्वच्छ धोतर नेसला होता. दाढी केलेली होती. पूर्वी बांधावर बसून राहणारा हा पोरगा आता वाटेने निघाला की म्हातारी माणसे बाजूला होत.

"तुला समजतं ना रे हे काय चाललंय?"

त्याने पोहरा विहिरीत सोडला. "मला कायबी कळत न्हाई, दादा. थरथर सुटली का मी नसतोच तितं. मला एवढंच कळतंय का मी शपत मोडलेली न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मोडलीया का?"

मी त्याला खरे सांगू शकलो असतो. पण मग दारूबरोबर ते पापही त्याच्या वाट्याला आले असते, आणि त्याचा त्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी म्हणालो, "नाही." तो सुस्कारा टाकून पोहरा ओढू लागला.

दीड-एक वर्षाने त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. पोट वर आले, पाय सुकले. एका शनिवारी आईने मला गोठ्यात बोलावले. ती हळू आवाजात बोलत होती, जणू भैरोबाला ऐकू जाईल.

"त्याला घेऊन जा. सांगलीला न्हे. तुज्या त्या डाक्टरला दाव."

"आबा?"

"मी सांगते त्यास्नी, देव धा गावं फिराय गेलाय." ती हसली नाही. "लेकरू हाय रं माजं. देव माजा न्हवं."

तर तो माझ्याकडे आला. मिरजेच्या त्याच डॉक्टरांनी तपासले, पोट दाबून पाहिले आणि मला बाहेर नेऊन सांगितले की आत्ता थांबला तर काही आशा आहे, असाच आणखी वर्षभर राहिला तर नाही. ठरवल्याप्रमाणे रोज थोडी कमी, दूध, भात, औषध. मी शाळेतून धावत घरी यायचो. तोही पुष्कळ सोसत होता. आईच्या शब्दावर आला होता, आणि देवाने रजा दिली आहे असे त्याने स्वतःला समजावले होते.

पण सांगली हे गाव नव्हते. वाड्याच्या मालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारले, "मास्तर, भाऊ घेतात वाटतं?" आणि आपल्या मुलांना आमच्या जिन्याकडे जाऊ देईनाशा झाल्या. एका रविवारी मी त्याला हॉटेलात चहाला नेले. बशी त्याच्या हातात खडखडायला लागली, चहा धोतरावर सांडला. शेजारच्या टेबलावरची कॉलेजातली पोरे एकमेकांना कोपराने ढोसू लागली. एकजण हात थरथरवून दाखवत म्हणाला, "मास्तर, पाव्हन्यांना दुधाच्या बाटलीतनं द्या." सगळे हसले. धाकट्याने बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात काखेत दाबून बसला.

खोलीवर आल्यावर त्याने पिशवी भरायला घेतली.

"थोडे दिवस," मी म्हणालो. "थरथर जाईल. डॉक्टर म्हणालेत."

"हितं मी दारुडा हाय, दादा."

"तू आजारी आहेस."

"तितं मी आजारीबी न्हाई."

मी दारात आडवा उभा राहिलो. डॉक्टर काय म्हणाले ते सगळे सांगितले, वर्षभराचेही. त्याने ऐकून घेतले. तो रडला नाही, चिडला नाही. "आईला नगंस सांगू," एवढेच म्हणाला आणि मला हळूच बाजूला सारले. लढाईवर गेलेला हात, त्याच्यात आता काहीच जोर नव्हता, आणि तरी मी बाजूला झालो. जवान माणसाला कोंडून ठेवता येत नाही. मी पिशवी घेऊन त्याच्याबरोबर मोटारस्टँडवर गेलो. वाटेत बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, कारण तो ऐकत नव्हता.

मोटार भरलेली होती. तो पायरीवर चढला, दांडा धरला, आणि दांडाच खुळखुळू लागला. आत बसलेल्या एका शेतकऱ्याने वर पाहिले आणि ताडकन उठला.

"आरं उठा, उठा! देव हायत! आमच्या शेजारच्या गावचं!"

पुढच्या बाकावरची माणसे उठली. कंडक्टरने पागोट्याच्या टोकाने बाक पुसला. एका बाईने कडेवरचे पोर घाईघाईने पुढे करून त्याचे डोके धाकट्याच्या पायावर ठेवले. धाकटा ताठ बसला. हॉटेलात काखेत दाबलेला हात त्याने आता सगळ्यांच्या देखत बाहेर काढला आणि पोराच्या डोक्यावर ठेवला. तो हात तसाच कापत होता. पोराचे डोकेही त्याबरोबर हलू लागले. ते घाबरले आणि भोकाड पसरून रडायला लागले.

"लागलं, लागलं!" बाई आनंदाने म्हणाली. "पोराला देवाचं वारं लागलं!"

सगळी मोटार वाकून बघू लागली. धाकट्याने खिडकीतून मला खुणावले. "जा आता, दादा. तुजी शाळा भरंल." रविवार होता, पण मी मान हलवली. ड्रायव्हरने हॅन्डल मारले.